लँकेशायरच्या संग्रहालयांना कुलूप : धडा आपल्यासाठीही आहे

वाचकहो, शेतीच्या पानावर विलायतेतल्या संग्रहालयांची गोष्ट कशाला, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. पऱ्हाटीवर बोंडअळी, सोयाबीनच्या भावाची ही तऱ्हा, आणि हे गृहस्थ इंग्लंडच्या गिरण्या सांगत बसलेत! पण थोडा धीर धरा. ज्या संग्रहालयांविषयी आज लिहितो आहे त्यातली दोन कापसाची आहेत, आणि ज्या मुलखात ती आहेत त्या मुलखातल्या गिरण्यांनी एके काळी आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस कातलेला आहे. शिवाय ती बंद पडली ती लोकांना नकोशी झाली म्हणून नव्हे, तर स्थानिक कारभाराच्या तिजोरीत पैसा कमी पडला म्हणून. ही गोष्ट आपल्या जिल्हा परिषदेला, नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतीला काही परकी नाही. म्हणून ती समजून घ्यावी.

कापसाचा जुना व्यवहार

लँकेशायर हा इंग्लंडच्या वायव्य भागातला परगणा. एकोणिसाव्या शतकात जगातल्या सुती कापडाचा मोठा बाजार या एका परगण्याच्या हातात होता. तिथे कापसाचे एक बोंडही पिकत नाही. सगळी रुई बाहेरून यायची, आणि तीही मुख्यतः अमेरिकेतून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची बंदरं बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा घास तुटला. साचे थांबले. लाखो कामगार घरी बसले. त्या काळाला तिकडे 'कापसाचा दुष्काळ' असंच नाव पडलं आहे.

मग सगळ्यांचे डोळे वळले हिंदुस्थानकडे, त्यातही वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे. वऱ्हाड १८५३ पासूनच इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला होता. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकला गेला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. एका तालुक्याच्या गावच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, ते काही गावाच्या प्रेमापोटी नव्हे. माल कापसाचा होता.

आपला कापूस मात्र तिथल्या विणकरांना आवडत नसे. धागा आखूड, वारंवार तुटणारा, त्यात मातीकचरा मिसळलेला. हिंदुस्थानी कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणत आणि नाव घेताच नाक मुरडत. हिंगणघाटच्या 'बनी' कापसासारख्या चांगल्या जातीही आपल्याकडे होत्या, पण बाजारात चांगल्या-वाईटाची सरमिसळ होऊन सगळ्यालाच एक भाव लागायचा. हे दुखणं आजही ओळखीचं वाटेल! १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा माल पुन्हा वाहू लागला आणि आपल्याकडचे भाव कोसळले. तेजीत काढलेली कर्जं शेतकऱ्याच्या गळ्यात राहिली. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्या दंग्यांमागच्या कारणांत हे एक कारण अभ्यासक धरतात.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६६ साली फोर्ब्ज वॉटसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ जाडजूड ग्रंथांत चिकटवले. पागोटी, धोतरं, लुगडी, साधी आणि भरजरी, सगळ्यांचे तुकडे. कोणतं कापड कुठे विणतात, लांबी-रुंदी किती, वजन किती, हे सगळं शेजारी लिहिलेलं. अशा २० प्रती तयार केल्या. त्यांतल्या १३ विलायतेतल्या व्यापारी-कारखानदारी गावांत ठेवल्या आणि ७ हिंदुस्थानात पाठवल्या. त्यातली एक प्रत लँकेशायरमधल्या प्रेस्टन शहराच्या हॅरिस संग्रहालयात आहे. आपल्या बायाबापड्यांना काय नेसायला आवडतं ते बघून तिथल्या गिरणीवाल्यांनी तसलं कापड काढावं, हा त्यामागचा हेतू. वॉटसनच्या लेखी ही एकेक प्रत म्हणजे एक संग्रहालयच होतं. तेव्हा संग्रहालय म्हणजे जुन्यापान्या वस्तूंची अडगळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्याच्या हाती नमुना, त्याच्या हाती बाजार.

२०१६ साली काय घडलं

आता मूळ विषयाकडे येऊ. लँकेशायरमधल्या बर्नली शहराजवळ क्वीन स्ट्रीट मिल नावाची एक गिरणी आहे. १८९४ साली कामगारांनी आणि गावकऱ्यांनी शेअर घेऊन ती सहकारी तत्त्वावर उभारली. सूत कातायचं नाही, फक्त कापड विणायचं, असं तिचं काम. मध्यभागी ५०० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन, त्याच्या जोरावर फिरणारा लांबलचक दांडा, आणि त्या दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी फिरणारे शेकडो साचे. पहिलं महायुद्ध संपल्यावर कामगारांच्या त्या इंजिनाला 'पीस', म्हणजे 'शांतता', असं नाव मिळालं. १९८२ साली गिरणीचा धंदा बंद झाला, पण यंत्रं जागच्या जागी होती, म्हणून तिचं संग्रहालय झालं. वाफेवर चालणारं असं संपूर्ण साचेखातं जगात दुसरीकडे कुठे चालू स्थितीत उरलेलं नाही, असं जाणकार सांगतात. ऑस्कर मिळालेल्या 'द किंग्ज स्पीच' या चित्रपटातला कारखान्याचा प्रसंग इथेच चित्रित झाला.

हेल्मशोर हे त्याच परगण्यातलं दुसरं ठिकाण. तिथे दोन गिरण्या शेजारी शेजारी आहेत. एक १७८९ ची, पाणचक्कीच्या जोरावर लोकरीचं कापड कुटून घट्ट करणारी, आणि दुसरी सूतगिरणी. रिचर्ड आर्कराइटने १७६९ साली ज्या सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्या जातीचं एक अस्सल यंत्र तिथे जपलेलं आहे. आपल्या घरोघरच्या चरख्याची सद्दी ज्या यंत्राने संपवायला सुरुवात केली, ते हे यंत्र.

ही दोन्ही संग्रहालयं लँकेशायर काउंटी कौन्सिल चालवत असे. काउंटी कौन्सिल म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था समजा. २०१५ च्या अखेरीस कौन्सिलने जाहीर केलं, की पैसा नाही, तेव्हा पाच संग्रहालयांचा खर्च यापुढे झेपणार नाही. या दोन गिरण्या, प्रेस्टनमधलं परगण्याच्या इतिहासाचं संग्रहालय, लँकेस्टरमधला न्यायाधीशांचा जुना वाडा आणि फ्लीटवूड या मासेमारीच्या बंदरातलं संग्रहालय, अशी ती पाच. लोकांनी सह्यांचे अर्ज दिले, जुन्या यंत्रांचे अभ्यासक ओरडले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. पण २०१६ च्या सप्टेंबरअखेर दोन्ही गिरण्यांच्या दारांना कुलूप लागलं.

'पाहिजे' आणि 'येईल'

असं का झालं? कौन्सिलमधली माणसं अडाणी होती किंवा त्यांना इतिहासाचं वावडं होतं, असं मुळीच नाही. त्यांची अडचण खरी होती. २०१० पासून इंग्लंडच्या मध्यवर्ती सरकारने काटकसरीचं धोरण धरलं आणि स्थानिक संस्थांचं अनुदान वर्षावर्षाला कापत नेलं. २०१० ते २०१८ या काळात, महागाईचा हिशोब धरता, हे सरकारी अनुदान जवळपास निम्म्यावर आलं, असं त्यांच्याच राष्ट्रीय हिशोब तपासणी कार्यालयाने लिहून ठेवलं आहे. कर वाढवावा तर तिथेही बंधन. ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा झाला तर आधी लोकांचं मतदान घ्यावं लागतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या बाजूने म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल, निराधार मुलांचा सांभाळ या खर्चांची वाढ थांबत नाही. हे खर्च कायद्याने बांधलेले आहेत. ते टाळता येत नाहीत, आणि टाळूही नयेत. मग कात्री कुठे लागणार? जिथे कायदा आडवा येत नाही तिथे.

गोम इथेच आहे. इंग्लंडमध्ये ग्रंथालयं आणि संग्रहालयं यांचा १९६४ सालचा एकच कायदा आहे. त्यात ग्रंथालयाविषयी म्हटलं आहे, की स्थानिक संस्थेने ते चालवलंच 'पाहिजे'. संग्रहालयाविषयी म्हटलं आहे, की ते चालवता 'येईल'. एका कायद्यात दोन क्रियापदं. सुकाळात या दोन शब्दांतला फरक कुणाला दिसत नाही, आणि दुष्काळ पडला की सगळा निकाल त्या एका शब्दावर लागतो. अर्थात 'पाहिजे' असं लिहिलं म्हणजे अभय मिळालं असंही नाही. लँकेशायरने त्याच सुमारास कित्येक ग्रंथालयांनाही टाळं लावलं. पण तिथे निदान कायद्याचं बोट दाखवून भांडता येतं. संग्रहालयवाल्याला फक्त हात जोडता येतात.

हा काही एका परगण्याचा प्रश्न नाही. लेस्टरशायरमध्ये कोलव्हिल नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव आहे. तिथली खाण बंद झाल्यावर त्याच जागेवर १९९२ साली स्निब्स्टन नावाचं मोठं संग्रहालय झालं. २०१५ साली कौन्सिलने ते बंद केलं आणि पुढच्या वर्षी इमारतच पाडली. २०२३ च्या सप्टेंबरात तर बर्मिंगहॅमसारख्या बलाढ्य शहराच्या कौन्सिलने आपल्याजवळ पैसा उरला नाही अशी कायदेशीर नोटीस काढली आणि आवश्यक सोडून बाकीचा नवा खर्च थांबवला. मोठ्या घराचे वासे पोकळ झाले, की पहिला धक्का बसतो तो कोनाड्यातल्या देवाला.

कुलूप लावून खर्च संपतो का?

आता हिशोब बघू. संग्रहालय बंद केलं म्हणजे खर्च शून्यावर आला, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. इमारत वारसा म्हणून नोंदलेली असेल तर ती पाडता येत नाही आणि पडूही देता येत नाही. छप्पर गळू नये म्हणून बघावं लागतं. राखण ठेवावी लागते, विमा भरावा लागतो. वस्तू दुसरीकडे हलवायच्या तर गोदाम लागतं, आणि ओल-उंदीर-कसर यांपासून सांभाळायला माणूस लागतो. बंद होतं ते तिकिटाचं उत्पन्न आणि शाळांच्या सहली. म्हणजे मिळकत पूर्ण जाते आणि खर्चाचा काही भाग मागे राहतो. भाकड गाय दावणीला बांधून ठेवण्यासारखंच हे.

यंत्रांची गोष्ट तर आणखी वेगळी. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे पुस्तकातून शिकवायला नको. इंजिन दोन हंगाम बंद राहिलं की काय होतं? पंपाचा पंखा जाम होतो, पट्टा तडकतो, विहिरीचा उपसा थांबला की झरेही बुजतात. साच्यांचंही तसंच आहे. लोखंड गंजतं, चामडं वाळतं, लाकूड फुगतं. बॉयलर तर नियमाप्रमाणे तपासून घेतल्याशिवाय पेटवताच येत नाही.

पण याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. साचा बिघडला की आवाजावरून ओळखणारा, धोटा अडकला तर नेमकं कुठे बोट घालायचं ते जाणणारा माणूस हे खरं भांडवल. हे ज्ञान पुस्तकात फार थोडं उतरतं. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं. जुना कारागीर निवृत्त होतो, त्याच्याजवळ शिकणारा पोरगा दुसरी नोकरी धरतो, आणि दोन वर्षांनी दार उघडलं तरी चालवणारा हात मिळत नाही. यंत्र पुन्हा विकत आणता येईल, हात कुठून आणणार?

आम्ही विस्ताराचं काम करणारी माणसं हे रोज बघतो. तिफण अजून पुष्कळ घरांत माळ्यावर सापडते. पण चाड्यावर मूठ धरून एकसारखं बी सोडणारी बाई आता गावात किती सापडतात? ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं, ते चांगलंच झालं. त्याने वेळ वाचला, वापसा साधता येऊ लागला. तक्रार त्याबद्दल नाही. मुद्दा एवढाच, की मूठ गेली की तिफण म्हणजे नुसतं लाकूड.

मूर्ती विकली, पत गेली

बंद करण्याऐवजी दुसरा एक मार्ग काही कौन्सिलांना सुचला. संग्रहातली एखादी महाग वस्तू विकायची आणि त्या पैशांतून बाकीचं चालवायचं. नॉर्दम्प्टन नगराने हे केलं. त्यांच्या संग्रहालयात सेखेम्का नावाच्या मिसर देशातल्या अधिकाऱ्याची चार हजार वर्षांहून जुनी दगडी मूर्ती होती. स्थानिक जमीनदार घराण्याकडून ती गावाला मिळालेली. जुलै २०१४ मध्ये लिलावात ती १ कोटी ५७ लाख पौंडांना गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर. पैशांतून संग्रहालयाचा विस्तार करू, असं नगराने सांगितलं. त्या रकमेतला मोठा वाटाही मूळ देणगीदार घराण्याच्या वारसाला द्यावा लागला.

आणि परिणाम? इंग्लंडमध्ये संग्रहालयांना मान्यता देणारी एक सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे, आर्ट्स कौन्सिल. तिने नॉर्दम्प्टनची मान्यता काढून घेतली. मान्यता गेली की बाहेरच्या अनुदानांची बरीचशी दारं बंद होतात, आणि दुसरी संग्रहालयं वस्तू उसनी द्यायला कचरतात. शिवाय उद्या आपल्या आजोबांची वस्तू या संग्रहालयाला द्यावी, असं कोणाला वाटेल? ज्याने पेरणीचं बी विकून सण साजरा केला, त्याला पुढच्या वर्षी बी उसनं कोण देणार?

दार उघडलं, पण अर्धंच

लँकेशायरची गोष्ट मात्र कुलपापाशी संपली नाही. लोक गप्प बसले नाहीत. मे २०१७ च्या निवडणुकीत कौन्सिलमधली सत्ता बदलली. संग्रहालयं उघडण्याचं आश्वासन नव्या मंडळींनी दिलेलं होतं. २०१८ साली क्वीन स्ट्रीट आणि हेल्मशोर या दोन्ही गिरण्या पुन्हा लोकांसाठी खुल्या झाल्या. पूर्वीसारख्या नव्हेत. आठवड्यातले काही दिवस, तेही वर्षातले ठरावीक महिने. बंद केलेली काही ग्रंथालयंही उघडली. लँकेस्टरचा वाडाही हंगामापुरता उघडू लागला. फ्लीटवूडच्या संग्रहालयाची जबाबदारी गावकऱ्यांनी न्यास स्थापन करून स्वतःच्या शिरावर घेतली.

यात समाधान मानायला जागा आहे आणि सावध राहायलाही. न्यास काढा, गावकऱ्यांच्या हवाली करा, हा सल्ला आजकाल तिकडे सर्रास दिला जातो. काही ठिकाणी तो फळलाही. पण न्यासाच्या हाती नुसती किल्ली दिली आणि छपराचा खर्च, वीजबिल, बॉयलरची तपासणी हे सगळं त्याच्याच डोक्यावर टाकलं, तर ते वाचवणं नव्हे, जबाबदारी झटकणं आहे. हौशी स्वयंसेवक पाहुण्यांना माहिती सांगेल, तिकीट फाडेल, फरशी पुसेल. पण तीस वर्षांची जबाबदारी हौसेवर चालत नाही. सोबत ठरावीक निधी आणि वस्तूंच्या मालकीचा स्पष्ट करार लागतोच.

मध्यवर्ती सरकारलाही उशिरा का होईना हे उमगलेलं दिसतं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी नगरसंस्थांची संग्रहालयं तगवण्यासाठी २ कोटी पौंडांचा वेगळा निधी जाहीर केला. आपल्या हिशोबाने दोनशे कोटी रुपयांच्या वर. रक्कम लहान नाही, पण पंधरा वर्षांच्या कपातीपुढे ती पहिल्या पावसाच्या शिडकाव्यासारखी आहे. जमीन भिजली म्हणावी एवढी नाही. आणि पाडलेलं स्निब्स्टन काही त्यातून उभं राहणार नाही. बैल गेला अन् झोपा केला, त्यातलाच प्रकार.

आपल्याकडे काय?

आता आपल्या अंगणात येऊ. नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. तो सरकारी आहे, त्याला सरकारचा आधार आहे. मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांना खुलं झालं. ते महानगरपालिकेच्या मालकीचं. त्याचीही मध्यंतरी दुर्दशा झाली होती. २००३ साली महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान या तिघांत लेखी करार झाला. कामाची वाटणी ठरली, आणि २००८ साली ते नव्या रूपात उघडलं. मुंबईची तिजोरी मोठी आहे हे खरं. पण तिथे नुसत्या तिजोरीने काम केलं नाही. कोणी काय करायचं हे कागदावर आलं, म्हणून काम झालं.

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पातळीवर काय आहे? आपल्याकडे ग्रंथालयांसाठी १९६७ चा कायदा आहे. गावातल्या वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. कमी मिळतं, उशिरा मिळतं, पण मागायला जागा आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायत राज्याकडे सोपवायचे २९ विषय आहेत. पहिलाच विषय शेती आणि कृषी विस्तार. विसावा ग्रंथालयं. एकविसावा सांस्कृतिक कार्यक्रम. संग्रहालय हा शब्द त्या यादीत नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये निदान 'येईल' तरी लिहिलेलं आहे, आपल्या गावपातळीवर तेवढंही नाव घेऊन लिहिलेलं नाही. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पदराखाली ते बसवावं लागतं.

म्हणून आपल्याकडे संग्रहालय बंद पडण्याआधीच, किंबहुना सुरू होण्याआधीच वस्तू भंगारात जातात. जुन्या जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं किलोच्या भावाने तोडली जातात. मोटेचं चाक हॉटेलच्या दारात शोभेला लागतं. पायली, अडिसरी, शेर ही मापं मोडीत जातात. रेच्याचं नाव तर नव्या पोरांना माहीतही नाही. इंग्लंडमध्ये गिरणीला कुलूप लागलं तेव्हा निदान कुलूप लावायला गिरणी होती.

कोणी म्हणेल, या मोडक्या लाकडांनी पोट भरतं का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हळदीकडे आहे. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट! पण आजीला ठाऊक आहे, हे तिथल्या कचेरीत चालत नाही, लेखी पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आज २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला आपलं गावरान वाण स्वतःच्या किंवा गावाच्या नावाने नोंदवता येतं. तिथेही कामी येते ती जपलेली नोंद. हे वाण इथे कधीपासून आहे, काय नावाने ओळखतात, कशासाठी लावतात. जपलेली वस्तू आणि तिची नोंद हा आपल्या हक्काचा सातबारा आहे.

करता येण्याजोगं

मोठ्या इमारतीची वाट बघू नका. लँकेशायरच्या अनुभवातून चार गोष्टी लहान गावालाही घेता येतात.

पहिली, नोंदवही. शाळेच्या एका खोलीत दहा अवजारं असली तरी चालतील, पण प्रत्येकाची नोंद हवी. वस्तूचं गावात चालणारं नाव, कोणत्या घरातून आली, कशासाठी वापरत, लाकूड कोणतं, माप किती. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नोंद नसलेली वस्तू चोरीला गेली तर ती होती हेसुद्धा सिद्ध करता येत नाही.

दुसरी, मालकीचा कागद. वस्तू दान दिली की ठेवायला दिली, हे देणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या. पुढे ती विकता येणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करून इतिवृत्तात घाला. न्यास करायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदवा. नॉर्दम्प्टनची मूर्ती का गेली? विकायला मनाई करणारा भक्कम कागद आडवा आला नाही म्हणून.

तिसरी, अंदाजपत्रकात एक ओळ. रक्कम हजार असो की दहा हजार, पण दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्या नावाचं शीर्ष असू द्या. एकदाच मिळालेली मोठी देणगी उद्घाटनाच्या मांडवात संपते, दरवर्षीची लहान तरतूद छप्पर शाकारते. आणि जे शीर्ष कागदावर आहे ते काढायला ठराव लागतो, चर्चा होते. जे कागदावरच नाही ते जातं तेव्हा आवाजही होत नाही.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, वापर. वस्तू काचेत ठेवून फुलं वाहू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांना बोलवा, पोरांसमोर तिफण जुंपून दाखवायला सांगा. रेचा फिरवून सरकी वेगळी करून दाखवा. जातं पोरींनाच नव्हे, पोरांनाही ओढू द्या. ते बोलतात-करतात ते मोबाइलवर टिपून ठेवा. जी संस्था शाळेच्या, शेतकऱ्याच्या, बचत गटाच्या रोजच्या उपयोगाची असते, तिला कुलूप लावताना कोणताही पुढारी दहा वेळा विचार करतो. लँकेशायरच्या गिरण्यांना पुन्हा दार उघडलं ते त्या यंत्रांची किंमत मोठी होती म्हणून नव्हे. आपल्या आजा-पणज्यांनी इथे घाम गाळला, असं म्हणणारी माणसं अजून जिवंत होती आणि ती मतदानाला गेली, म्हणून.

गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात लँकेशायरला गेले होते. आपल्याकडच्या विदेशी कापडाच्या बहिष्काराने तिथले कामगार बेकार झालेले. ते रागावतील अशी भीती होती. पण डार्वेनच्या गिरणी कामगार बायांनी त्यांच्याभोवती गराडा घालून जयघोष केला, तो फोटो आजही पाहायला मिळतो. पिकवणारा आणि विणणारा समोरासमोर आले तेव्हा त्यांना एकमेकांचं दुःख कळलं. ती समोरासमोरची ओळख पुढच्या पिढीलाही व्हावी, याचीच सोय अशा जागा करतात.

काटकसरीचे दिवस येतात आणि जातात. तेव्हा कात्री कुणीतरी चालवणारच, आणि ती जिथे कागद नाही, माणसं नाहीत, तिथेच आधी चालणार. येत्या ग्रामसभेत बाकीच्या विषयांबरोबर हाही एक विषय पत्रिकेवर घाला. ग्रामसेवकाला आधी लेखी द्या, म्हणजे तो 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलला जाणार नाही.